पगार सोडलेला पाळक

पैसा कसा येतो आणि कसा जातो, हे खानदेशाला कापसाने शिकवले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि तापीच्या दोन्ही काठांवरच्या काळ्या जमिनीला एकदम मोल चढले. शिरपूर, चोपडा, अमळनेर, धरणगाव, जळगाव या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने चार वर्षे असा रोकडा पैसा पाहिला, की बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी पुढे कितीतरी दिवस सांगितल्या जात. १८६५ मध्ये युद्ध संपले. मुंबईत शेअरबाजार कोसळला, प्रेमचंद रायचंदांसारखे कुबेर एका उन्हाळ्यात उघडे पडले, आणि खानदेशच्या गावांत चांदी गेली तरी सावकाराचा कागद मागे राहिला.

त्या तेजीच्या पहिल्याच वर्षी, ६ डिसेंबर १८६१ रोजी, इथून फार दूर रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात एका चित्पावन घरी मुलगा जन्मला : नारायण वामन टिळक. कापसाशी त्याचा संबंध नाही. पण ख्रिस्ती माणसाने पैशाकडे कसे पाहावे, आयुष्य कशासाठी खर्चावे, हा प्रश्न मराठीत ज्या एका घराने अखेरपर्यंत जगून पाहिला ते घर याच नारायणाचे. त्या घराची एक वाट खानदेशातूनही जाते. शिरपूरकरांना धनाची भाषा परकी नाही. आमच्या शिरपुरात सोने शुद्ध करण्याचा कारखानासुद्धा निघाला. तेव्हा निर्धनतेचा हा इतिहास इथूनच वाचायला घ्यावा, असे मला वाटते.

१९०७ साली जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. जळगाव तेव्हा नव्या पूर्व खानदेश जिल्ह्याचे ठाणे होते. एकसंध खानदेशाचे दोन तुकडे होऊन वर्षच उलटले होते, आणि शिरपूर पश्चिम खानदेशात, धुळ्याकडे गेले होते. गिरणीचा भोंगा, रुईच्या गाठी, रेल्वेचा माल-धक्का अशा व्यापारी गावात कवी जमले, हीच त्या काळची नवलाई. या संमेलनात सतरा वर्षांच्या एका कोवळ्या पोराने कविता म्हटली. धरणगावचा जन्म, वडील पोलीस खात्यात, सततच्या बदल्यांमुळे शिक्षणाची आबाळ. त्र्यंबक बापूजी ठोमरे त्याचे नाव. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले आणि मराठीने ते नाव कायमचे ठेवून घेतले.

संमेलनाला आलेले रेव्हरंड टिळक त्या वेळी सेहेचाळिशीच्या उंबरठ्यावर होते. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवत. १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळालेली होती. ‘वनवासी फूल’ लिहिणारा, फुलामुलांचा कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखत होता, आणि ‘बाटलेला’ म्हणूनही ओळखत होताच. कवी म्हणून मिळणारा मान आणि धर्मांतरित म्हणून होणारी कुजबुज, या दोन्हींतून वाट काढत त्यांना अशा सभांत वावरावे लागे.

ही कुजबुज पैशाविषयी होती. छप्पन्याच्या दुष्काळाला, म्हणजे १८९९-१९०० च्या हाहाकाराला, तेव्हा सातआठच वर्षे झाली होती. त्या दुष्काळात खानदेश होरपळला, गुजरात उजाड झाला, आणि जागोजाग मिशनऱ्यांनी अनाथालये व अन्नछत्रे उघडली. ज्याचे पोट भरले तो कधीकधी त्या देवाच्याही मागे गेला. त्यामुळे ख्रिस्ती झालेला माणूस पोटासाठी झाला, हे समीकरण गावोगाव पक्के बसले होते. पुढे पश्चिम खानदेशात नवापूर-नंदुरबारच्या बाजूला स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी मावची आणि भिल्ल वस्त्यांत पाय रोवले, तेव्हा तिथल्या नवख्रिस्ती माणसालाही हाच टोमणा ऐकावा लागला. माणूस उपाशी असताना भाकरी देणाऱ्यावर विश्वास ठेवतो, यात लाजेचे काही आहे असे मला वाटत नाही. पण टिळकांना तो टोमणा सलत असे. त्यांच्या पुढच्या आयुष्याचा बराचसा उलगडा या सलामुळे होतो.

खरे तर टिळकांनी पोटासाठी काही केले असेल, तर ते ख्रिस्ती होण्याआधी. आईवेगळे झालेले पोर रागीट बापाच्या छायेतून बाहेर पडले आणि नाशिकला आले. तिथे संस्कृत शिकले, थोडे इंग्रजी शिकले. जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी मनू त्यांना दिली, तीच आपली लक्ष्मीबाई. मग बिऱ्हाडे सुरू झाली. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी पुराणिक. कुठेच जम बसेना, कारण जम बसण्याआधीच टिळकांचे मन उठे. नागपूरला आप्पासाहेब बुटी या धनाढ्य गृहस्थांनी त्यांच्या विद्वत्तेची कदर केली आणि संस्कृत ग्रंथांचे काम त्यांच्याकडे सोपवले. पुढे राजनांदगाव संस्थानात छापखान्याची नोकरी मिळाली. शीघ्रकवी, वक्ते, पंडित अशा माणसाला त्या काळी आश्रयदाता लागे. आश्रयदाता रिझवला की घर चाले. टिळकांना हे जमण्यासारखे होते, पण ते निभेना.

नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. १८९३ च्या सुमाराची ही गोष्ट. त्या माणसाने उतरताना त्यांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. तो प्रवासी कोण, हे टिळकांनी नंतर पुष्कळ शोधूनही कळले नाही. वाचायचे म्हणून टिळक वाचू लागले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडले. त्यांना तिथून पुढे जाववेना.

त्या प्रवचनात पैशाविषयी जे सांगितले आहे ते ऐकायला सोपे आणि पाळायला जवळजवळ अशक्य आहे. पृथ्वीवर साठवलेले कसर खाते, चोर नेतो. म्हणून ठेव तिकडे ठेवा जिकडे या दोघांचे चालत नाही. देव आणि धन, दोघांची चाकरी एका माणसाकडून होत नाही. उद्या काय खाऊ, काय नेसू, याची काळजी वाहू नका. रानातली फुले सूत कातत नाहीत तरी नटलेली असतात. लूकच्या शुभवर्तमानात याला जोडून एक दाखला येतो. एका जमीनदाराला पीक अमाप आले. जुनी कोठारे पाडून मोठी बांधीन, सगळे धान्य भरीन आणि मग जिवाला सांगेन की बाबा रे, आता खा, पी, स्वस्थ बस, असा बेत त्याने केला. आणि त्याच रात्री त्याचा जीव मागून घेतला गेला. त्या शेतकऱ्याने चोरी केली नव्हती, कुणाला लुबाडले नव्हते. त्याचा हिशेब एवढाच चुकला, की धान्य किती वर्षे पुरेल हे त्याने मोजले आणि आपण किती पुरू हे मोजायचे राहिले. १८६४ सालच्या खानदेशी शेतकऱ्याला हा दाखला सांगायला हवा होता. पण तेव्हा भाव चढता होता, कोण ऐकतो!

टिळकांना हे सारे नवे वाटले नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. परंपरा सांगते की देहूच्या वाण्याने भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. त्यानंतर तो सुखी झाला असे कुणी म्हणत नाही. मोकळा झाला असे म्हणतात. डोंगरावरच्या प्रवचनात टिळकांना हाच मोकळेपणा दिसला असावा. फरक एवढा, की तुकोबांची विरक्ती विठ्ठलापाशी जाऊन विसावते, तर ख्रिस्ताच्या शिकवणीत धन सोडण्याच्या आज्ञेला दुसरे एक टोक आहे : सोड आणि गरिबाला दे. श्रीमंत तरुणाच्या गोष्टीत तो तरुण सगळे नियम पाळणारा आहे, तरी उणीव राहिलीच, कारण त्याचे द्रव्य अजून त्याच्याच पेटीत होते. टिळकांनी हे दुसरे टोक घट्ट धरले. त्यांच्या हातून पैसा गेला तो प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणाकडे गेला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो त्यांनी गोऱ्या मिशनऱ्याकडून घेतला नाही, भारतीय पाळकाच्या हातून घेतला. आपला देव आपल्याच माणसाच्या हातून घ्यायचा, ही त्यांची अट होती. लाभ काय झाला म्हणाल, तर जात गेली, नातेवाईक गेले, आश्रयदाते गेले, आणि लक्ष्मीबाई दूर गेल्या. पोटासाठी धर्म सोडणाऱ्याचा हा हिशेब म्हणायचा, तर फारच तोट्याचा.

लक्ष्मीबाई आपल्या लहानग्या दत्तूला घेऊन चारपाच वर्षे वेगळ्या राहिल्या. काही काळ पंढरपुरात काढला. सोवळे, उपास, वेड लागेल इतके दुःख, आणि या सगळ्यात नवऱ्याला पत्रे. अखेर त्या नगरला आल्या, पण वेगळी चूल आणि वेगळे पाणी घेऊन. जातीची गाठ त्यांच्या मनात कशी सुटली, हे ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी सांगितले आहे, ते मुळातूनच वाचावे. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

पैशाचा खरा इतिहास इथून सुरू होतो, आणि तो टिळकांच्या कवितेत नाही. तो लक्ष्मीबाईंकडे आहे.

घरात दाणा नाही म्हणून उरलेसुरले पैसे देऊन नवऱ्याला बाजारात पाठवावे आणि त्याने परत येताना एक सुंदर दौत घेऊन यावे, ही गोष्ट ज्यांनी ऐकली असेल त्यांना हसू आले असेल. लक्ष्मीबाई सांगतात तशी ती हसण्यासारखीच आहे. पण क्षणभर त्या स्वयंपाकघरात उभे राहून पाहा. टिळकांना दौत आवडली हे खरे. काचेवर पडलेला उजेड त्यांना डाळतांदळापेक्षा अधिक गरजेचा वाटला हेही खरे. रानातल्या फुलासारखे निश्चिंत जगा, ही आज्ञा त्यांनी मनापासून पाळली, आणि ती पाळण्याची तजवीज लक्ष्मीबाईंना करावी लागली. फुले सूत कातत नाहीत. पण दत्तूच्या अंगात सदरा घालायला कुणीतरी कातलेच असणार.

टिळक उधळे नव्हते. पिणे, जुगार, थाट यांतले काही नव्हते. त्यांचा दोष असलाच तर हा, की समोरचा माणूस मागतो आहे हे दिसले की घरात मागे कोण आहे हे त्यांना दिसत नसे. पगार यायचा आणि वाटेत कुणा विद्यार्थ्याची फी, कुणा विधवेची नड, कुणा अनाथाचे कपडे यांत विरायचा. अनाथ मुले तर ते थेट घरीच आणत. दुष्काळाने टाकलेली, प्लेगने पोरकी केलेली पोरे त्या घरात वाढली. आणणारे टिळक, न्हाऊ घालणाऱ्या, उवा काढणाऱ्या, रात्री उशाशी बसणाऱ्या लक्ष्मीबाई. नगरला प्लेग आला तेव्हा रोग्यांच्या छावणीत जाऊन शुश्रूषा करण्यापर्यंत त्यांची मजल गेली. काही वर्षांपूर्वी परजातीच्या हातचे पाणी न पिणारी ही बाई!

म्हणून मला या दोघांपैकी ख्रिस्ताची शिकवण अधिक कोणी अमलात आणली याचा निकाल टिळकांच्या बाजूने देता येत नाही. देणाऱ्याचे नाव होते. ज्याच्या ताटातले दिले जाते त्याचे नाव राहत नाही. तुकोबांच्या घरी त्यांची बायको आवली होती. तिला महाराष्ट्राने कजाग ठरवली, आणि तिच्या बाजूचा हिशेब कुणी मांडला नाही, कारण तिने आत्मचरित्र लिहिले नाही. आपल्याकडच्या त्यागाच्या साऱ्या कथांत उंबऱ्याच्या आतले पान कोरे आहे. लक्ष्मीबाईंनी ते पहिल्यांदा लिहिले, आणि नवऱ्यावर तीळभर प्रेम कमी न करता लिहिले.

जळगावच्या संमेलनानंतर ठोमरेही याच घरात आले. टिळकांनी त्या पोराला नगरला बोलावून घेतले. धरणगावच्या ब्राह्मण घरातला मुलगा बाटग्याच्या घरी राहणार म्हणून घरच्यांना घोर लागणे साहजिकच होते. पण टिळकांनी त्याला ख्रिस्ती करण्याचा उद्योग केला नाही. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांनी त्यांना कविता दिली, आसरा दिला, आणि लक्ष्मीबाईंनी आईची माया दिली. लहरी, हट्टी, झऱ्यासारखा हा मुलगा आणि तितकाच लहरी यजमान, दोघांच्या मध्ये लक्ष्मीबाई. खानदेशच्या सर्वांत मोठ्या निसर्गकवीच्या उमेदीची वर्षे ज्या घराच्या मिठाभाकरीवर गेली, त्या घरात पुष्कळदा मीठ होते आणि भाकरीची चिंता होती, हे लक्षात ठेवायला हवे. टिळकांच्या लेखी द्रव्य कशासाठी असते याचे मला तरी हे सर्वांत चांगले उदाहरण वाटते. पदरात पडले नाही, हिशेबात दिसले नाही, आणि मराठी कविता श्रीमंत झाली.

तरी एक सल राहिलाच होता : पगार.

अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला काम करत होते. डॉ. ह्यूम, जस्टिन ॲबट यांच्यासारखी माणसे त्यात होती. ॲबट यांनी तर पुढे मराठी संतांची चरित्रे आणि काव्य इंग्रजीत नेले. टिळकांचे या मंडळींशी वैर नव्हते, स्नेह होता. पण मिशनचा प्रत्येक उपदेशक, शिक्षक, पाळक महिन्याच्या महिन्याला अमेरिकेतून आलेल्या पैशावर जगत होता. वारकरी परंपरेत कीर्तन करून द्रव्य घेणे हीन मानलेले. ज्याचे खावे त्याचे गावे, हे आपल्या लोकांना पक्के ठाऊक. टिळक ख्रिस्तावर कीर्तने करत. टाळमृदंग, अभंग, आख्यान, सारे देशी. पण ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उरेच : बुवांना यासाठी दरमहा किती मिळतात?

या प्रश्नाला तर्काने उत्तर देता येत नाही. पगार सोडूनच देता येते.

त्या काळी हा विचार एकट्या टिळकांच्या मनात नव्हता. पंजाबात साधू सुंदरसिंग भगवी कफनी घालून हिंडत होते. पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंनी ‘मुक्ति’ चालवली होती. तिथे शेकडो मुली आणि विधवा जेवत, आणि उद्याचे धान्य कुठून येईल याचा ठराव कुठल्याही मिशनकडे लिहून ठेवलेला नव्हता. रमाबाईंच्या हातून मोठाल्या रकमा गेल्या, पण त्यांची शिस्त अशी, की गाय, विहीर, शेत, छापखाना, सगळ्याची नोंद. रमाबाईंचे देवावर विसंबणे हे हिशेबी विसंबणे होते. टिळकांचे तसे नव्हते. एकाच धर्मपुस्तकातून दोन माणसांनी द्रव्याची दोन वेगळी वळणे काढली, आणि माझ्या व्यवहारी खानदेशी मनाला रमाबाईंचे वळण अधिक पटते, हे सांगायला हरकत नाही. त्याच सुमाराला खानदेशात तिसरे वळणही दिसत होते. अमळनेरला १९१६ मध्ये गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठांनी आपला पैसा घालून तत्त्वज्ञान मंदिर उभारले. पैसा सोडून सत्य शोधावे की पैसा लावून सत्य शोधवावे, हा वाद निदान तेव्हापासून तरी आमच्या अंगणात आहे.

१९१७ साली टिळकांनी मिशन सोडले. पगार सोडला, पद सोडले, ख्रिस्ती संन्यासी झाल्याचे जाहीर केले. सातारला जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला मानणारे, मग बाप्तिस्मा घेतलेले असोत की नसोत, सर्वांना त्यात जागा. म्हणजे चर्चच्या पटावर नाव नसलेल्याला आत घ्यायचे आणि परदेशी पैशाला बाहेर ठेवायचे. दोन्ही गोष्टींनी त्यांचे जुने सहकारी अवघडले. बाप्तिस्म्याशिवाय कसला शिष्य, हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. पाळक म्हणून टिळकांनी आयुष्याची कितीतरी वर्षे हेच संस्कार पार पाडले होते.

मुहूर्तही असा, की यापेक्षा वाईट सापडला नसता. महायुद्धाचे चौथे वर्ष चालू होते. धान्य महागले, कापड महागले, रॉकेल मिळेना. पुढच्या वर्षी इन्फ्लुएंझाने घरेच्या घरे रिकामी केली. अशा वेळी छप्पन्नाव्या वर्षी ठरलेले उत्पन्न टाकून देणे याला श्रद्धा म्हणावे की साहस, हे ज्याने त्याने ठरवावे. संन्याशाला घर नसते, पण या संन्याशाला बायको होती, मुलगा होता, वाढवलेली मुलगी होती. त्यागाची घोषणा एका माणसाने केली. अमलबजावणी सगळ्या कुटुंबाला करावी लागली. लक्ष्मीबाईंनी ती केली. तक्रार केली, थट्टा केली, आणि केली.

दरबार म्हणून जे टिळकांच्या डोळ्यांसमोर होते ते फार मोठे होते. प्रत्यक्षात उभे राहिले ते थोडे. पैसे नव्हते, माणसे थोडी, आणि टिळकांच्या अंगी संस्था चालवण्याचा गुण आधीपासूनच नव्हता. सभासदांची यादी, जमाखर्च, बैठका यांत त्यांचा जीव रमणे शक्य नव्हते. त्यांच्याजवळ दोन वर्षेसुद्धा उरली नव्हती.

त्यातच ५ मे १९१८ ला जळगावजवळच्या भादली स्टेशनापाशी रूळ ओलांडताना मालगाडीखाली सापडून बालकवी गेले. वय सत्तावीस. जळगावात नाव मिळाले आणि जळगावच्या वेशीवर संपले. मागे संपत्ती म्हणावी असे काही नव्हते. टिळकांनी ज्याला मुलासारखे वाढवले त्याची बातमी त्यांना संन्यासाच्या पहिल्याच उन्हाळ्यात ऐकावी लागली.

वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही मुंबईत गेले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी सुरू केले होते, त्याचे थोडेच अध्याय झाले होते. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. पण त्यातली कल्पना मरायला तयार नव्हती. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. भारतीय आणि युरोपियन ख्रिस्ती एकत्र, साध्या वेषात, साध्या जेवणावर राहतील असा तो आश्रम होता. १९२७ मध्ये याच संघातून व्हेरियर एल्विन नावाचा ऑक्सफर्डचा तरुण भारतात आला, आणि पुढे तो मिशन सोडून गोंडांमध्ये जाऊन राहिला, आणि नंतर त्याने चर्चही सोडले. एक सुटलेला पगार कुठवर पोचतो, ते पाहा.

टिळकांची गाणी मात्र कुठल्याच संस्थेच्या आधारावर अवलंबून नव्हती. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात ती शेकड्याने आहेत. रविवारी मराठी चर्चमध्ये, मग ते नगरचे असो, धुळ्याचे असो की नंदुरबारकडच्या एखाद्या कौलारू प्रार्थनागृहातले असो, टिळकांचे अभंग उठतात. गाणाऱ्यांत कापूस वेचणाऱ्या बाया असतात, ऊसतोडीला जाणारे असतात, शाळामास्तर असतात. धनाची आसक्ती सोडण्याविषयीचे पद म्हणणाऱ्यांपाशी सोडण्याजोगे धन कितीसे, हा प्रश्न मला अशा वेळी पडतो. ख्रिस्ताने डोंगरावरचे ते प्रवचन सांगितले ते ऐकणारेही बहुतेक कोळी आणि मजूरच होते, आणि उद्याची काळजी नको हे त्यांना सांगणे म्हणजे तुमच्याकडे काही नाही ते बरेच आहे असे सांगणे नव्हे. काळजी श्रीमंताचीही मालकीण असते आणि गरिबाचीही. खानदेशच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे कुणी समजावून सांगायला नको. भाव पडला तरी झोप जाते, भाव चढला तरी जाते.

टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. नवऱ्याने मागे ठेवलेल्या गोष्टींत घर नव्हते, ठेव नव्हती. होते ते अपुरे महाकाव्य आणि माणसांचा गोतावळा. त्यांनी नोकरी धरली. मुलींच्या वसतिगृहाची देखभाल केली. नंतर दत्तूच्या, म्हणजे देवदत्तांच्या, नोकरीमुळे काही वर्षे कराचीला काढली, आणि शेवटी नाशिकला आल्या. या सगळ्या हलवाहलवीत टिळकांच्या ‘ख्रिस्तायना’ची वही त्या बरोबर बाळगून होत्या. लिहिता-वाचता येण्यापुरतेच शिक्षण झालेल्या या बाईने नवऱ्याच्या थोड्या अध्यायांना आपले साठाहून अधिक अध्याय जोडून ते काव्य पुरे केले. त्याच्याच जोडीला देवदत्तांच्या आग्रहाने जुन्या आठवणी लिहू लागल्या. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. २४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई वारल्या, तेव्हा शेवटचा भाग छापायचा होता, आणि तो देवदत्तांनी पुरा करून छापला.